शेवटच्या तासाचा खिळा

जूनच्या शेवटी शाळेत नव्या वह्यांचा वास यायला लागला की माझ्या कानात पुठ्ठ्याच्या चकत्या वाजू लागतात. खिळ्यावर अडकवली की टप्, काढली की सर्र. त्या चकत्या आता प्रयोगशाळेच्या माळ्यावर आहेत, डाव्या हाताला, पत्र्याच्या डब्यात. त्या खिळ्यांची, टाइमटेबलची फळी वाळवीनं खाल्ली. वस्तू कुठे ठेवली हे मी विसरत नाही. घरी वाणसामानापासून लग्नाच्या आहेरांपर्यंत सगळ्याच्या याद्या माझ्याकडे असतात, आणि शाळेतही टाइमटेबल म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात.

आता ते संगणकावर होतं. आमचे निखिल सर तरुण आहेत, त्यांचा हात त्यावर चालतो. काही अटी मी आधीच भरून ठेवते, बाकीच्या सांगते, ते भरतात. कोणते सर कोणत्या वर्गावर, कोणाला कोणता तास चालत नाही, प्रयोगशाळा एकच, मैदान एकच. मग यंत्र कामाला लागतं आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसतो. तो दोषांचा आकडा. एका वेळी दोन वर्गांत एकच बाई, एका वर्गात दोन सर, असं काही झालं की आकडा मोठा. सगळं जुळलं की शून्य.

काल दुपारी आकडा भराभर उतरला आणि एकतीसवर बसला. मग वर गेला. चाळीस, बेचाळीस.

“मॅडम, हे तर बिघडवून राहिलं,” निखिल सर म्हणाले. त्यांचं बोट बंद करायच्या बटणावर गेलं होतं.

“बिघडवू द्या. ते मुद्दाम बिघडवतं.”

“मुद्दाम?”

“वाट सापडावी म्हणून.”

आकडा पुन्हा उतरला आणि पुन्हा एकतीसवर येऊन बसला. तीन-चारदा असंच झालं. निखिल सर खुर्चीत मागे रेलले. “एखादी अट सैल करता का, मॅडम?”

“एकही नाही,” मी म्हणाले.

ते चहा सांगायला गेले आणि मी एकतीसकडे बघत बसले. तो आकडा मला ओळखीचा वाटत होता. म्हणजे आकडा नव्हे, त्याचं ते बसणं.

*

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी याच शाळेत, सौसरला, गणित शिकवायला लागून थोडीच वर्षं झाली होती. आधीचे टाइमटेबलवाले सर निवृत्त झाले आणि जाताना त्यांनी फळी माझ्या हवाली केली. प्लायवुडची मोठी फळी, तिच्यावर ओळीनं खिळे. आडवे तास, उभे वर्ग. प्रत्येक विषयाची एका रंगाची चकती, मध्ये भोक पाडलेली. गणिताची लाल, विज्ञानाची हिरवी. मराठी आणि संस्कृत यांची मात्र एकच चकती होती, अर्धी पिवळी, अर्धी निळी. गाव हिंदी राज्यातलं, म्हणून शाळा हिंदी माध्यमाची. दहावीत एका तासाला वर्ग फुटायचा. घरी मराठी बोलणारी पोरं मराठीच्या बाईंकडे, बाकीची संस्कृतला. त्यामुळे त्या दोघांना एकाच वेळी मोकळं असावं लागे. एकाला हलवलं की दुसरा हललाच.

फळी देताना सरांनी मला पद्धत सांगितली होती. “नवीन काही करायचं नाही. मागच्या सालचं ठेवायचं. कुणाची तक्रार आली तर दोन चकत्या अदलाबदल करायच्या. बरं झालं तर ठेवा, वाईट झालं तर परत जागच्या जागी.”

आजही मला या पद्धतीत चूक दिसत नाही. सगळ्या शक्यता तपासायच्या म्हटल्या तर एका माणसाचा जन्म पुरणार नाही. हातात जे आहे त्याच्या शेजारपाजारचं बघायचं, त्यातलं बरं उचलायचं, तिथून पुन्हा शेजारपाजारचं. घरही आपण असंच लावतो. कपाट खिडकीशी, नको, दाराशी, हो, राहू द्या. पुढे नागपूरच्या एका शिबिरात मला कळलं की यालाही शास्त्र आहे, जगभर लोक त्यावर डोकं चालवतात. मालगाड्यांचे डबे, कारखान्यातली कामं, डाक वाटायच्या वाटा, सगळीकडे हाच प्रश्न आणि बहुतेक हाच उपाय: एक लहान बदल, मग तोलून बघणं, मग पुढचा. शिबिरातले सर बोलत होते आणि मी मनातल्या मनात खिळे मोजत होते.

त्या वर्षी शाळेत विमल आली. मराठीची नवी बाई. पांढुर्ण्याची. आईवडील दोघं दुसऱ्यांच्या वावरात राबलेले. बाबासाहेबांच्या फोटोखाली कंदील ठेवून अभ्यास केला, असं ती हसत सांगायची. “तेल संपलं की बाबासाहेबच म्हणत, झोप आता.” वडील गेले होते. आईला लकवा झाला होता, उजवं अंग गेलं होतं. विमल सकाळच्या बसनं पांढुर्ण्याहून यायची आणि शेजारची एक बाई आईजवळ बसायची. पण दिवस मावळायच्या आत त्या बाईला तिच्या घरचा स्वयंपाक. तिचीही पोरं होती.

छिंदवाड्याहून येऊन पांढुर्ण्याला जाणारी बस आमच्या शाळेसमोरून जायची, ती नेमकी शेवटच्या तासाच्या सुरुवातीला. ती चुकली की पुढची अंधारात, आणि तीही आली तर आली. आणि दहावीचं मराठी शेवटच्या तासाला. रोज.

दुसऱ्याच आठवड्यात विमलची आई पाण्याच्या तांब्यासाठी हात लांबवताना खाटेवरून पडली. विमल पोचली तेव्हा ती जमिनीवरच होती. शेजारीण कधीच गेलेली. दुसऱ्या दिवशी विमल माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“बाई, मले शेवटचा तास सुटला तर मी नोकरी करीन. नाही सुटला तर सोडीन. दुसरं काही नाही.”

“सौसरलाच खोली घे ना. आईला आण.”

“घेतली नसती काय? पाच घरं पाहिली. आडनाव ऐकलं की घरमालकाले पाहुणे आठवतात. परवाच येऊन राहिले म्हणे, खोली लागते.”

आमच्या घराच्या मागे एक खोली होती. मोरी होती, स्वतंत्र दार होतं. त्या संध्याकाळी मी दादाला विचारलं. दादा जेवत होता. “बघू,” म्हणाला. वहिनीनं त्याच्या पानात भात वाढला. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं. “सांगितलं ना, बघू.” घर त्याचं. त्याच्या घरात मला ताट होतं, पलंग होता, मान होता. त्या ‘बघू’च्या पुढे मला दार नव्हतं.

राहिली फळी. ती तेवढी माझ्या हातात होती.

*

शिक्षकांच्या खोलीत दोन बाकांवर फळी आडवी टाकून मी दुपारच्या दुपारी बसू लागले. पाटीवर दोषांची बेरीज. मागच्या सालचं टाइमटेबल इतकं घोटलेलं होतं की त्यात दोष जवळजवळ नव्हतेच. एकच होता, विमलचा.

मराठी-संस्कृतची चकती शेवटून उचलून पहिल्या तासाला, गणिताच्या जागी, नेऊन धरली. संस्कृतचे मिश्राजी सकाळी जामसावळीच्या मारुतीपुढे पाठ करून येत. वर्षानुवर्षांची मुभा, बडे सरांनीच, म्हणजे मुख्याध्यापकांनीच, दिलेली. पहिल्या तासाला मिश्राजी नाहीत, म्हणजे अर्धा वर्ग वाऱ्यावर. परत जागच्या जागी.

मग दुपारी विज्ञानाच्या प्रयोगाच्या जागी नेली. म्हणजे प्रयोग शेवटच्या तासाला. सुटीची घंटा झाली की पोरं पळणार आणि काचेची भांडी, आम्ल, दिवे तसेच. ते धुवायला, आवरायला वेळ कुठून आणायचा? परत.

विज्ञान आणि गणित बदलून बघितलं. विमलला त्याचा उपयोग शून्य आणि गणित भर दुपारी. परत.

इतिहास, हिंदी, चित्रकला, खेळ. ज्या ज्या दोन चकत्या बदलता येत होत्या त्या सगळ्या बदलून बघितल्या. दर वेळी बेरीज वाढे. दर वेळी सर्र, टप्, परत.

विमल तास संपवून यायची आणि बाकाच्या कोपऱ्यावर बसायची. “झालं काय काही?”

“नाही.”

“राहू द्या मग. तुमी तर हातानं घासून भोकं मोठी करून राहिल्या.”

त्या दिवसांत मला एक विचित्र घुसमट व्हायची. टाइमटेबल वाईट असतं तर बरं झालं असतं. वाईट असतं तर कुठून तरी सुधारायला सुरुवात करता आली असती. ते चांगलं होतं. चहूबाजूंनी जिथे पाऊल टाकावं तिथे उतारच, आणि म्हणून सगळे म्हणत होते की हेच शिखर.

छिंदवाड्याच्या वाटेवर घाट आहे. एकदा थंडीत तिथे बस बंद पडली होती आणि पुढचं माणूस दिसणार नाही एवढं धुकं. वर गेलं की रस्ता दिसेल म्हणून आम्ही चारपाच जण चढावर चालत राहिलो. चढ संपला. सगळीकडून उतार. एकजण म्हणाले, पोचलो माथ्यावर. धुकं विरलं तेव्हा कळलं, आम्ही रस्त्याकडेच्या एका बारक्या टेकाडावर उभे होतो आणि खरा डोंगर समोर, मध्ये दरी. तिथे जायचं तर आधी खाली उतरायला हवं होतं. चढणारा माणूस ते करत नाही. त्याला उतरणं म्हणजे चुकणं वाटतं.

घरीही माझं तेच चाललेलं. दादाकडे मी ठीक होते. वेगळं राहावं तर लोक बोलणार. बदली मागावी तर वहिनीच्या बाळंतपणात कोण. लग्न करावं तर स्थळं नोकरी सोडा म्हणणारी. एक एक पाऊल मी मनातल्या मनात टाकून बघितलं होतं आणि परत जागच्या जागी ठेवलं होतं. अशा माणसाला कुणी अडकलेलं म्हणत नाही. स्थिरावलेलं म्हणतात.

*

मी सारखी फिरून त्याच अदलाबदलीवर येते आहे हे लक्षात आलं तेव्हा मी घरून मूठभर चिंचोके आणले. हलवलेल्या चकतीवर चिंचोका ठेवायचा. जोवर चिंचोका आहे तोवर ती मागे न्यायची नाही, मग बेरीज कितीही होवो. (शिबिरात मला कळलं की हीसुद्धा रीत आहे, नुकतीच केलेली चाल काही काळ वर्ज्य करायची. आमच्याकडे तिला चिंचोके म्हणत.)

त्या दुपारी विमल फळीवर वाकून बघत होती. तिनं बोट ठेवलं. “हे काऊन हलवत नाही?”

पहिल्या तासाच्या उभ्या ओळीत लाल चकती. दहावीचं गणित. तिचा खिळा जुन्या सरांनी वाकवून चकतीवरच ठोकला होता. गणित पहिल्या तासाला, डोकं ताजं असताना, ही शाळेची रीत. दोन दिवसांपूर्वी मी विज्ञान नि गणित बदलून ‘बघितलं’ ते फक्त मनात. हातानं ती चकती निघतच नव्हती.

“ते पक्कं आहे.”

“सगळ्यांले उठवून राहिल्या बाई तुमी. गणितराव तेवढे पाटावर बसले.” आणि मग हळूच, “तुमचंच आहे ना ते?”

मी शिपायाकडून पक्कड मागवली. खिळा गंजलेला होता. निघताना प्लायवुडचा टवका घेऊन निघाला.

लाल चकती दुपारी ठेवली, हिरवी सकाळी. दोन्हींवर चिंचोके. पाटीवरची बेरीज एकदम फुगली. भर दुपारी गणित, आणि मी त्याच वेळी नववीवर, मग नववी हलवली, मग तिथे हिंदीवाले दोन ठिकाणी. फळीकडे बघवेना. नेमके तेव्हा बडे सर आत आले.

“ये क्या तमाशा है, बाई? चांगलं चाललेलं काऊन मोडून राहिल्या? कल प्रार्थना के बाद दीवार पर चाहिए मुझे.”

“होईल, सर.”

“मागच्या सालचं लावा. एका बाईसाठी सगळी शाळा उलटी करता काय?”

ते गेले. विमल खाली बघत होती. “बाई, परत ठेवा. खरंच. मी पाहून घेईन माह्यं.”

बाहेर शेवटच्या तासाची घंटा झाली. तिला वर्गावर जायचं होतं आणि रस्त्यावरून तिची बस गेली. ती बस जाताना खिडकीची काच थरथरायची. आम्ही दोघींनी ऐकलं. ती पुस्तक घेऊन वर्गावर गेली.

मी चिंचोक्यांना हात लावला नाही. एवढंच केलं. माझ्या सवयीचा हात तीनदा त्या लाल चकतीकडे गेला आणि तीनदा चिंचोक्यावर थांबला. मग उलट बाजूनं विचार करणं भाग पडलं. गणित दुपारी आलंय, आणि तिथून ते परत सकाळी जाऊ शकत नाही. मग कुठे? मी ते उचललं आणि शेवटच्या तासाला नेलं. शेवटच्या तासातली अर्धी पिवळी अर्धी निळी चकती दुपारी आली, गणिताच्या जागी. टप्.

दुपारी मिश्राजी असतात. प्रयोग सकाळी, भांडी धुवायला अख्खा दिवस. विमल शेवटच्या तासाला मोकळी. हिंदीवाले आपोआप सुटले. मी पाटीवर बेरीज पुसत गेले, पुसत गेले, आणि शेवटी एक दोष उरला. माझा. दिवसभर तापलेल्या, जांभया देणाऱ्या पोरांना मी शेवटच्या तासाला बीजगणित शिकवायचं.

सकाळी बडे सर टाइमटेबलसमोर बराच वेळ उभे होते.

“गणित शेवटी? पोरं झोपतील.”

“झोपू देणार नाही, सर.”

“रिझल्ट?”

“तो माझ्या नावावर लिहा.”

“पंद्रह दिन,” ते म्हणाले. “फिर देखेंगे.” नंतर त्यांनी कधी बघितलं नाही.

*

शेवटचा तास म्हणजे काय असतं हे तो घेतल्याशिवाय कळत नाही. ऊन पश्चिमेच्या खिडकीतून थेट फळ्यावर यायचं आणि अर्धं समीकरण दिसेनासं व्हायचं. पोरींच्या वेण्या सुटलेल्या. मागच्या बाकावर कुणीतरी हमखास हातावर डोकं टेकलेलं. मी मोठ्यांदा शिकवायला शिकले, उभं करून सोडवून घ्यायला शिकले, मध्येच विनोद करायला शिकले, जे मला आजही नीट जमत नाही.

आणि खिडकीतून रस्ता दिसायचा. घंटा झाली की विमल छत्री नि पिशवी घेऊन फाटकातून पळत निघायची. साडीचा काठ वर धरलेला. रस्त्याच्या मध्यावर जाऊन ती हात वर करायची, शाळेत पोरं करतात तसा, ताठ. बस थांबायची. ती वर चढायची. मग काच थरथरायची आणि मी फळ्याकडे वळायचे. मी आत, ती बाहेर. घरी गेल्यावर मागच्या खोलीचं कुलूप दिसायचं.

एका रविवारी मी पांढुर्ण्याला तिच्या घरी गेले. आई दारात खाटेवर बसली होती. तोंड जरा वाकडं, डोळे लख्ख. “हेच का ते गणितवाली?” तिनं विमलला विचारलं. मग मला जवळ बसवून, डाव्या हातानं माझा हात धरून, “बाई, तुमच्या पोरी झोपत नाही ना माह्यापायी?”

“नाही, आई.”

“झोपली एखादी तर झोपू देजा. थोडीशी.”

विमल काही वर्षं त्या बसनं येत-जात राहिली. मग पांढुर्ण्यातच तिला जागा मिळाली आणि ती गेली. आई शेवटी गेली ती तिच्या हातावर. आता विमल तिथल्या शाळेत मोठी बाई आहे. दिवाळीला फोन येतो. “या ना बाई एकडाव,” म्हणते. मी येते म्हणते. जाणं होत नाही. सुटीत घर असतं, आणि शाळेच्या दिवसांत शेवटचा तास.

*

निखिल सर चहा घेऊन आले. आकडा एकतीसच.

“मॅडम, मी बघितलं,” ते म्हणाले. “यंत्र सगळं हलवतं. एक गोष्ट हलवू शकत नाही. इथं बघा, कुलूप लावलंय.” त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “दहावी, गणित, शेवटचा तास. हे कुणी भरलं?”

“मी.”

“काऊन? ती गोष्ट तुम्हीच सांगितली होती, पण मिश्राजी तर केव्हाच रिटायर. आताच्या मराठीच्या बाई इथंच राहतात, तीन गल्ल्या सोडून.”

दर जूनमध्ये सगळ्या अटी मी नव्यानं तपासते, हा माझा नियम. ही मात्र दर वर्षी न बघता आधी लिहीत आले होते. हाताची सवय. जुन्या सरांनीही त्यांचा खिळा कधी काळी असाच कुणासाठी तरी ठोकला असेल. त्यांनाही खिडकीतून कुणीतरी जाताना दिसत असेल.

“काढा,” मी म्हणाले.

“नक्की?”

“काढा लवकर.”

पडद्यावरचं कुलूप गेलं. आकडा उसळून पन्नासच्या वर गेला. निखिल सरांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मग तो उतरायला लागला. एकतीसवर क्षणभर थांबला, जुन्या घरासमोर माणूस थांबतं तसा, आणि खाली गेला. वीस. बारा. चार. शून्य.

“दहावीचं गणित दुसऱ्या तासाला आलं, मॅडम. शेवटचा तास तुम्हाला मोकळा.”

मी माझी कामाची यादी काढली. शेवटचा तास, असं लिहिलं आणि पुढे काय लिहायचं ते सुचेना. पेन तसाच धरून मी खिडकीबाहेर रस्ता बघत होते.

“सर,” मी विचारलं, “पांढुर्ण्याची बस आता कितीला असते?”

“शेवटच्या तासालाच जाते ना एक. फाटकासमोरून.” ते छपाईयंत्रात कागद घालत होते. “स्टॉप नाही तिथं. पण हात दाखवला की थांबते.”